आधी तळ मोजा

इंग्लंडमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी पाईक माशासाठी सलग पाच शनिवार ग्रेट ऊझ नदीवर बसलो आणि पाचही वेळा रिकाम्या हाताने घरी आलो. ईली शहराजवळचा तो काठ. मागे सपाट काळी शेतं, दूर कथीड्रलचा मनोरा, समोर संथ, कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी. सामान चांगलं होतं आणि इथे पाईक आहेत, हे काठावरचा प्रत्येक जण सांगत होता. चूक एकच होत होती. आमिष किती खोल सोडायचं, हे मी अंदाजाने ठरवत होतो.

लहानपणी मालवणला आज्याबरोबर खाडीवर गरी टाकायला जायचो. आजा भरती-ओहोटी बघून दोरी कमी-जास्त सोडायचा आणि काळुंदर, कधी तांबोशी लागायची. तो दोरी सोडतो हे मी रोज बघितलं, पण किती सोडायची हे कशावरून ठरवतो, ते कधी विचारलं नाही. ते न विचारणं इथे नडलं.

सहाव्या शनिवारी शेजारी बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "इथे पाणी किती आहे?" मी म्हणालो, "असेल दीडेक मीटर." ते काही बोलले नाहीत. त्यांनी माझं आमिष काढलं, गळाला शिशाचा जड गोळा अडकवला आणि पाण्यात टाकायला सांगितलं. पाण्यावर तरंगणारा फ्लोट सरळ बुडाला. म्हणजे दोरी कमी पडत होती. फ्लोटच्या वर दोरीवर धाग्याची एक घट्ट गाठ असते आणि फ्लोट त्या गाठीपर्यंतच सरकतो. ती गाठ त्यांनी हातभर वर सरकवली. पुन्हा बुडाला. पुन्हा सरकवली. चौथ्या खेपेला फ्लोटचं लाल टोक तेवढं पाण्यावर उभं राहिलं. दोरी टेपने मोजली तर २.८ मीटर भरली. माझं आमिष जेमतेम एक मीटरवर लटकत होतं. पाचही शनिवार ते माशाच्या डोक्याच्या कितीतरी वर होतं, आणि त्या गढूळ पाण्यात ते त्याला दिसण्याची शक्यताच नव्हती.

मग त्यांनी पुढची पायरी दाखवली. तळाची खोली सापडली की गाठ आणखी ४० सेंटीमीटर वर घ्यायची. आमिष आणि दोरीला लावलेलं शिसं दोन्ही तळाला टेकतात. दोरी हलकेच ताणली की आडवा पडलेला फ्लोट तिरका उभा राहतो. माशाने आमिष उचलून शिसं वर घेतलं तर फ्लोट आडवा होतो, घेऊन निघाला तर चालू लागतो किंवा बुडतो. दोन्हींचा अर्थ एकच: माशाने आमिष घेतलंय.

आमिष म्हणून आम्ही मेलेला बांगडा लावतो. इथला बांगडा आपल्यापेक्षा वेगळ्या जातीचा, पण वास तसाच उग्र, तेलकट. अर्ध्या बांगड्याच्या शेपटीच्या मुळाशी एक तिहेरी गळ आणि थोडं पुढे मांसात दुसरा. दोरीच्या टोकाला पोलादी तार हवीच, कारण पाईकचे दात साधी दोरी सहज कापतात. थंडीत तो फार धावत नाही. तळाशी पडलेलं, वासाचं खाद्य त्याला आयतं मिळतं.

त्या दिवशीही काही लागलं नाही. पुढच्या शनिवारी, नांगरलेल्या बोटींच्या कडेला, मी आधी खोली मोजली. अकराच्या सुमारास फ्लोट थरथरला, आडवा झाला आणि सावकाश बोटींकडे सरकू लागला. आला तो पाच किलोचा होता. हिरव्या अंगावर पिवळसर ठिपके आणि जबड्यात आत वळलेले दात.

तळ हे काही बारा महिन्यांचं उत्तर नाही. १५ मार्च ते १५ जून नद्यांवर बंदी असते. त्यानंतर शरद ऋतूपर्यंत पाणवनस्पती दाट असतात. तळाला टेकवलेलं आमिष त्यांच्यात गडप होतं. तेव्हा मी वनस्पतींच्या शेंड्यांच्या हातभर वर आमिष टांगतो. पाईकचे डोळे डोक्यावर उंच बसवलेले असतात. पाणी नितळ असेल तर वरच्या उजेडात आमिषाची आकृती त्याला खालून दिसते आणि तो झेप घेतो. पाणी गढूळ झालं की मी पुन्हा तळाकडे जातो. खोल तळ्यांत थंडीत तळाचं पाणी ४ अंशांच्या आसपास राहतं आणि पृष्ठभाग त्याहून गार होतो. वाहत्या नदीत पाणी ढवळलेलं असतं, त्यामुळे तिथे तापमानापेक्षा छोटे मासे कुठे दडलेत हे बघावं लागतं.

खोली अचूक असण्याचा आणखी एक फायदा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. दोरी सैल राहिली तर मासा आमिष गिळेपर्यंत कळत नाही आणि गळ पोटात जातो. तसा मासा सोडला तरी अनेकदा मरतो. म्हणून मी फ्लोट हलला की लगेच दोरी ताणून झटका देतो. गळ जबड्याच्या कडेला लागतो, लांब चिमट्याने मिनिटभरात निघतो. ओल्या मऊ गादीवर ठेवलेला मासा मग पाण्यात धरायचा, तो स्वतः शेपूट मारेपर्यंत.

पाईकसाठी पहिल्यांदा बसणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे. आमिषाची पिशवी उघडण्याआधी शिसं लावा आणि तळ मोजा. जागा बदलली की पुन्हा मोजा. दहा मिनिटं लागतात. मला ती न दिल्यामुळे पाच शनिवार लागले.