तिरंग्याचे रंग आणि ठरावाचे मौन

बिरवाडीच्या शाळेत काय किंवा महाड शहरात काय, पंधरा ऑगस्टच्या भाषणांतून केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे शांती आणि हिरवा म्हणजे समृद्धी ही वाटणी इतक्या खात्रीने सांगितली जाते की ती कायद्यातच लिहिलेली असावी असा समज सहज होतो. प्रत्यक्षात घटना समितीने 22 जुलै 1947 रोजी संमत केलेल्या ध्वजठरावात तीन समान आडवे पट्टे, रुंदी-लांबीचे 2:3 हे प्रमाण आणि मधले चक्र यांचेच वर्णन आहे. रंगांच्या अर्थाविषयी त्यात अवाक्षर नाही.

हे मौन जाणीवपूर्वक पाळलेले दिसते. 1921 मध्ये पिंगली वेंकय्या यांच्या आराखड्यावरून गांधीजींनी पुढे आणलेल्या झेंड्यात तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतरांचा असा धर्मवार अर्थ होता, आणि म्हणूनच आपला रंग कोठे, असा प्रश्न शिखांनी विचारला. 1931 च्या ध्वजसमितीने, जिच्यात काकासाहेब कालेलकर आणि डॉ. ना. सु. हर्डीकर होते, एकरंगी केशरी झेंडा सुचवला. काँग्रेसने तो न स्वीकारता तिरंगाच ठेवला, तांबड्याच्या जागी केशरी आणला आणि रंग धर्मांचे नसून गुणांचे निदर्शक आहेत, असे ठरवले. हिरव्याचा मातीशी आणि वनस्पतींशी संबंध जोडला तो सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी, 1947 च्या चर्चेतील भाषणात.

ठरावात अर्थ दिला गेला तो एकट्या चक्राला, आणि तोही लक्षपूर्वक वाचण्याजोगा आहे: ते चरख्याचे प्रतीक आहे, पण त्याचा घाट सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंहांच्या पायाखाली जो गोल चौथरा आहे, त्यावरील चक्राचा आहे. अख्ख्या चरख्याऐवजी चक्र घेण्यामागे रचनेचे एक साधे आणि भक्कम कारण होते, जे पंडित नेहरूंनी सभागृहात सांगितले. चरख्याला चाक एका अंगाला आणि चाती दुसऱ्या अंगाला असल्याने कापडाच्या मागच्या बाजूने तो उलटा दिसतो. चक्र मात्र दोन्हीकडून सारखेच राहते.

घटना समितीने ध्वज ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, ज्यांनी 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून सत्याग्रह केला होता. त्याच महाड तालुक्यात, ज्या रायगडावर 1674 मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेथे भगव्याची परंपरा आहे. त्यामुळे या भागातील माणसाला केशरी पट्ट्यात भगवा आणि गडद निळ्या चक्रात आंबेडकरी चळवळीचा निळा दिसला, तर ते वाचन चूक म्हणता येत नाही, कारण ठरावाने रंगांचे दार मोकळेच ठेवले आहे. चक्राबाबत अशी मोकळीक नाही: आरे 24, दोन आऱ्यांमध्ये 15 अंश, 900 बाय 600 मिलिमीटरच्या झेंड्यावर व्यास 185 मिलिमीटर, आणि ते दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसलेच पाहिजे.