पहिला मोहर

२०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आमच्या श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळलं आणि काही तासांत अब्बांची वाडी आडवी झाली. सुपारी तर काड्यांसारखी मोडली. आंब्याची जुनी झाडं मुळासकट उपटली गेली. अब्बा तेव्हा ऐंशीचे. पडलेल्या झाडांवरून त्यांनी एकदा नजर फिरवली, ‘अल्लाहची मर्जी’ म्हणाले आणि त्यानंतर वर्षभर वाडीत पाऊल टाकलं नाही.

मी कुवेतची नोकरी संपवून नुकताच परतलो होतो. शेतीतलं मला काय कळणार! पण अब्बांना पुन्हा वाडीत न्यायचं, या हट्टापायी २०२१ च्या पावसाळ्यात हापूसची वीस कलमं लावली. सगळं सेंद्रिय करायचं, असं मी घरभर सांगत सुटलो होतो. शेजारच्या गोठ्यातलं शेण खड्ड्याखड्ड्यात दोन-दोन घमेली ओतलं. जिवाणू खताची पाकिटं मे महिन्यातच आणून पत्र्याच्या पडवीत ठेवली होती, तीही टाकली. आणि एवढा गाजावाजा करूनही, कलमं लवकर वाढावीत म्हणून, त्याच दिवशी गुपचूप मूठमूठ युरिया!

दिवाळीपर्यंत सात कलमं वाळली. नाइलाजाने अब्बांना सांगितलं. ते काठी टेकत आले, एक मेलेलं कलम उपटायला लावलं. मुळांना वाळवी लागली होती.

“अरे, हे ताजं शेण. दूधपित्या पोराला कुणी बिर्याणी भरवतं का?”

मग ते रोजच येऊ लागले. शेणाचा ढीग सावलीत वर्षभर कुजवला. हातात घेतल्यावर भुसभुशीत लागला, वास गेला, तेव्हाच त्यांनी हात लावू दिला. खोडाला न चिकटवता, थोडं अंतर सोडून गोल चर काढायचा, त्यात कुजलेलं शेणखत, बकरीच्या लेंड्या, थोडी करंजाची पेंड. वर पालापाचोळा. कलमाच्या जोडाखाली फुटलेले धुमारे ते स्वतः खुडायचे.

जिवाणूंच्या पाकिटावर मात्र त्यांचा विश्वास नव्हता. “या भुकटीत जीव आहे?” मी समजावलं, की आपल्या जांभ्या मातीत लोह फार, स्फुरद त्याला बांधला जातो आणि झाडाला मिळत नाही, हे जिवाणू आम्ल सोडून तो मोकळा करतात. उन्हात मात्र मरतात, आणि रासायनिक खताबरोबर त्यांना टाकायचं नसतं. माझी चूक मीच सांगत होतो. अब्बा म्हणाले, “म्हणजे हे मजूर. मग त्यांना भाकर नको? ती शेणखतात.” तेव्हापासून ताजं पाकीट कुजलेल्या खतात मिसळून, संध्याकाळी, ओल्या मातीत.

मेलेल्या सातांच्या जागी नवी लावली. जुनी तेरा तरारली. शेणखतामुळे, जिवाणूंमुळे, की अब्बांच्या रोजच्या फेरीमुळे, ते मला सांगता येणार नाही.

२०२४ च्या जानेवारीत मोहर आला. कोवळ्या कलमाचा पहिला मोहर खुडायचा असतो. नाहीतर झाड फळातच दमतं. अब्बांनीच बजावलं, “खुड. आधी मुळं धरू दे.” ते चौऱ्याऐंशीचे. मी बारांचा खुडला. विहिरीमागच्या एकाचा राहू दिला.

चार कैऱ्या धरल्या. दोन वाऱ्याने पडल्या, एक वानराने नेली. मे महिन्यात उरलेला आंबा अब्बांनी चोखून खाल्ला, कोय बशीत ठेवली आणि विचारलं, “कुठला?”

“बाजारातला,” मी म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. असरची नमाज झाल्यावर काठी घेऊन विहिरीमागे गेले.