कोठीतले गणित

आजीच्या काळची जी मापे आमच्या कोठीत अद्याप जपलेली आहेत, ती आज नातीच्या हाती दिली. आणि दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर व चार शेरांची पायली हा हिशेब तिने ज्वारी भरून स्वतः पडताळला, तेव्हा पाव आणि निम्मे यांचे ज्ञान तिला व्याख्येवाचूनच प्राप्त झाले. पावकी-निमकीचे पाठांतर मी त्याज्य मानीत नाही; मात्र ते अनुभवाच्या मागून यावे. म्हणून पंगतीला वाट्या किती लागतील, भाकरी चौघांत समान कशी वाटावी, बाजारातून आणलेल्या जिनसांची जमाखर्चाच्या वहीत बेरीज किती होते, हे प्रश्न मुलांवरच सोपवावेत, आणि उत्तर चुकल्यास न दटावता त्यांना पुन्हा मोजू द्यावे. कारण स्वतःच्या मोजणीवर बसलेला विश्वास हाच गणिताच्या अध्ययनाचा खरा पाया होय.