कोलारची खोल प्रयोगशाळा

कोलारची सोन्याची खाण २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली. जळगावला सुवर्णनगरी म्हणवून घेणाऱ्या आम्हा खान्देशी माणसांच्या कानावरून सोन्याची बातमी सहसा सुटत नाही. लग्नसराई आली की सावदा-फैजपूरची कुटुंबंच्या कुटुंबं जळगावच्या सराफ बाजारात उतरतात, आणि केळीला बरा भाव लागला की तोळ्याचं बोलणं आपोआप निघतं. एकशेवीस वर्षांत सुमारे ८०० टन सोनं देणारी खाण संपली, ही हळहळ समजण्यासारखी होती. पण त्या खाणीच्या पोटात देशाची एक प्रयोगशाळाही होती. ती खाणीच्याही आधी, १९९२ साली गेली. तिच्या नावानं कुणी उसासा टाकल्याचं आठवत नाही. हा लेख तिच्यासाठी.

खाणीत उतरून आकाशाचा अभ्यास कसा करतात, हा प्रश्न कुणालाही पडेल. अवकाशातून पृथ्वीवर अहोरात्र विश्वकिरण येत असतात. नाव किरण असलं तरी ते बहुतांशी प्रोटॉन आणि थोडे जड अणुगर्भ. वातावरणाच्या वरच्या थरात त्यांची हवेतल्या अणूंशी टक्कर होते. त्यातून नवे कण निघतात, ते पुढे आणखी टकरा करतात, आणि जमिनीवर येईपर्यंत एका कणाचा लाखो कणांचा वर्षाव झालेला असतो. या वर्षावाचं गणित होमी भाभांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत १९३७ सालीच मांडलं होतं. जमिनीवर पोचणाऱ्यांत म्यूऑन नावाचे कण पुष्कळ. तळहात आडवा धरला तर सेकंदाला साधारण एक म्यूऑन त्यातून आरपार जातो. सावद्याच्या केळीच्या बागेत काय किंवा मुंबईच्या लोकलमध्ये काय, हिशेब जवळपास तोच.

म्यूऑन खडकातही खोलवर घुसतात. जितकी ऊर्जा जास्त तितका खोल. म्हणजे पृथ्वीचा कातळ ही एक आयती चाळण आहे. जितकं खाली जाऊन मोजाल, तितके फक्त दांडग्या ऊर्जेचेच कण हाती येतात. हे ओळखून भाभांनी १९५१ च्या सुमारास बी. व्ही. श्रीकंटन या तरुण संशोधकाला कोलारला पाठवलं. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था तेव्हा कुलाब्याच्या आजच्या इमारतीतही गेलेली नव्हती. उपकरणं मुंबईत जुळवायची, रेल्वेनं कोलारला न्यायची आणि खाणकामगारांच्याच पाळण्यातून खाली उतरवायची, हा शिरस्ता तिथून पडला. कोलारची चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरहून खोल, त्या काळी जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी एक. खाली खडक इतका तापलेला की थंड हवा सोडल्याशिवाय माणूस टिकत नसे. कातळावरचा दाब अचानक मोकळा होऊन दगड फुटण्याचे प्रकार तिथे नित्याचे, आणि त्यात कामगारांचे जीवही गेलेले. संशोधकांनी धोका पत्करला हे खरं, पण कामगार तो रोज पत्करत होते, हेही त्याच दमात लिहिलं पाहिजे.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मियाके, नरसिंहम आणि रमण मूर्ती या संशोधकांनी म्यूऑन मोजत मोजत २,७६० मीटरपर्यंत मजल मारली. तिथे यंत्र कित्येक आठवडे चालू ठेवलं, आणि एकही म्यूऑन नोंदला गेला नाही. दुसऱ्या कुणी प्रयोग फसला म्हणून यंत्र गुंडाळलं असतं. या मंडळींना त्या शून्यातच संधी दिसली. म्यूऑनचा गलबला इथे संपत असेल, तर वातावरणातल्या टकरांमधून निघणारा न्यूट्रिनो नावाचा कण पकडायला याहून चांगली जागा पृथ्वीवर शोधून सापडणार नव्हती. न्यूट्रिनो पृथ्वी आरपार ओलांडतो आणि कशालाही सहसा धडकत नाही. कोटी-अब्जांत एखादा धडकलाच, तर त्यातून म्यूऑन निघतो, आणि तो मात्र दिसतो.

म्हणून २.३ किलोमीटर खोलीवर, हीथकोट शाफ्टजवळच्या बोगद्यात, दुर्बिणी बसवल्या. दुर्बीण म्हटल्यावर नळी आणि भिंग डोळ्यांपुढे येतं. इथे होत्या दोन उभ्या भिंती. त्या कण गेल्यावर चमकणाऱ्या खास प्लास्टिकच्या होत्या. मधे शिशाचे पत्रे आणि निऑन वायू भरलेल्या काचेच्या बारीक नळ्यांचे थर. दोन्ही भिंती एकाच क्षणी चमकल्या की नळ्यांवर मोठा विद्युतदाब सोडायचा. ज्या नळ्यांमधून कण गेला तेवढ्याच उजळत, आणि कॅमेरा त्यांचा फोटो घेई. फिल्म धुतली की कणाची वाट ठिपक्यांच्या रेघेत समोर. भिंती उभ्या ठेवण्यात सगळी हुशारी होती. इतक्या खोलवर पोचणारे उरलेसुरले म्यूऑन डोक्यावरून, सरळ खाली येतात, कारण तिरप्या वाटेनं येणाऱ्याला कितीतरी जास्त कातळ ओलांडावा लागतो. तेव्हा आडवी रेघ दिसली तर ती वरून आलेल्या म्यूऑनची नसणार. तो शेजारच्या खडकात न्यूट्रिनोनं जन्माला घातलेला कण.

खोल गेलं म्हणजे सगळं शांत, असं मात्र नाही. खडकातलं युरेनियम, थोरियम, पोटॅशियम आपापला किरणोत्सार करतच असतं. (पोटॅशियमचं सावद्याला वेगळं सांगायला नको. एका मध्यम केळ्यात सेकंदाला पंधराएक अणू फुटतात, आणि ते खाऊन आजवर कुणाचं काही बिघडलेलं नाही.) या किरणांची ऊर्जा तोकडी. शिशातून पार होऊन दोन्ही भिंती गाठणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं.

टाटा संस्था, जपानचं ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचं डरहॅम विद्यापीठ यांचा हा संयुक्त प्रयोग. एम. जी. के. मेनन, श्रीकंटन, रमण मूर्ती, नरसिंहम, मियाके, वोल्फेंडेल ही त्यातली ठळक नावं. निसर्गात तयार झालेला न्यूट्रिनो पकडल्याचा त्यांचा निबंध 'फिजिक्स लेटर्स'मध्ये १५ ऑगस्ट १९६५ च्या अंकात आला. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक राइन्स यांचा गट हेच काम करत होता. त्यांचा निबंध पंधरा दिवसांनी छापला गेला. प्रत्यक्ष पहिली नोंद मात्र राइन्स यांची, २३ फेब्रुवारी १९६५ ची. आपल्याकडच्या काही लेखांत ही दुसरी गोष्ट गाळली जाते, त्याची काही गरज नाही. दोन्ही गटांचं काम स्वतंत्र होतं आणि मान दोघांचाही. पुढच्या जानेवारीत भाभा विमान अपघातात गेले. आपल्या प्रयोगशाळेचं हे यश त्यांना पाहायला मिळालं, एवढं समाधान.

पुढच्या पंचवीस वर्षांतल्या कामापैकी दोन गोष्टी सांगतो. पहिली, जमिनीवरचा प्रयोग. खाणीच्या वर उघड्या मैदानात कण टिपणाऱ्या पेट्या पसरून ठेवल्या होत्या आणि खाली खोलात म्यूऑन मोजणारी यंत्रं. विश्वकिरणांचा वर्षाव मैदानावर पडला की कोणत्या पेटीत कण किती अब्जांश सेकंद आधी पोचला यावरून तो कुठल्या दिशेनं आला ते कळे, आणि किती कण पडले यावरून मूळ कणाची ऊर्जा. त्याच वर्षावातले म्यूऑन खाली किती पोचले ते पाहून मूळ कण हलका प्रोटॉन होता की जड अणुगर्भ, याचा अंदाज बांधता येई. वर मैदान आणि खाली खोल कातळ, अशी जोडी जगात फार थोड्या ठिकाणी होती.

दुसरी गोष्ट प्रोटॉनच्या मरणाची. सत्तरच्या दशकात सिद्धान्तवाल्यांनी भाकीत केलं की प्रोटॉनही अमर नाही, एकावर एकतीस शून्यांइतक्या वर्षांत तो फुटतो. इतकी वर्षं वाट पाहणं शक्य नाही, पण खूप प्रोटॉन एकत्र ठेवले तर त्यातला एखादा लवकर फुटेल. म्हणून १९८० साली कोलारला १४० टनांचं यंत्र उभं राहिलं. लोखंडी पत्रे आणि चौकोनी नळ्या, असे ३४ थर. या कामासाठी खास बांधलेल्या जगातल्या पहिल्या यंत्रांपैकी ते एक. काही नोंदी प्रोटॉन फुटल्यासारख्या दिसल्या, गटानं तसं जाहीरही केलं आणि जगभर चर्चा झाली. अमेरिका आणि जपानमधल्या मोठ्या यंत्रांना मात्र तसं काही दिसलं नाही. आज ती मर्यादा एकावर चौतीस शून्यांच्या पुढे गेली आहे. कोलारचा तो दावा टिकला नाही, पण प्रश्न योग्य होता आणि यंत्र प्रामाणिक होतं.

मग खाण तोट्यात गेली. कस उतरला, खोली वाढली, खर्च वाढला. भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी, प्रयोगशाळा तिची भाडेकरू. घरमालकच घर सोडायला निघाला तिथे भाडेकरूचं काय चालणार? १९९२ मध्ये प्रयोग थांबले, २००१ मध्ये खाण, आणि पंप बंद पडल्यावर शाफ्टमध्ये पाणी भरलं.

इथे मला एका दुसऱ्या खाणीची आठवण करून द्यायची आहे. अमेरिकेतल्या दक्षिण डाकोटातली होमस्टेक, तीही सोन्याची. रे डेव्हिस यांचा सूर्याच्या न्यूट्रिनोंचा प्रयोग तिथला, त्याला २००२ चं नोबेल मिळालं. तीही खाण त्याच सुमारास बंद झाली, तिथलेही पंप थांबले, तिच्यातही पाणी चढलं. पण राज्य सरकारनं खाण ताब्यात घेतली, एका दानशूर माणसानं मोठी रक्कम दिली, पाणी उपसलं आणि ४,८५० फुटांवर प्रयोगशाळा पुन्हा सुरू केली. ती आज जगातल्या नावाजलेल्या प्रयोगशाळांपैकी आहे. कोलारचं दालन ७,६०० फुटांवर होतं.

आपण काय केलं? कोलार गेल्यावर नवी जागा शोधायला घेतली. तमिळनाडूत थेनीजवळ डोंगर कोरून न्यूट्रिनो वेधशाळा करायचं ठरलं. २०१५ मध्ये सुमारे १,५०० कोटींची मंजुरी मिळाली, आणि पश्चिम घाटातल्या जंगलाच्या प्रश्नावर सगळं अडलं. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पण जिथे डोंगरही कोरायचा नव्हता आणि जंगलही तोडायचं नव्हतं, ती तयार खोली आपण हातची घालवली होती, हे विसरता येत नाही. दरम्यान जपाननं १९९८ साली वातावरणातल्या न्यूट्रिनोंचं रूपांतर सिद्ध केलं आणि २०१५ चं नोबेल घेतलं. तो विषय छापील इतिहासात सुरू झाला कोलारला. आज देशात झारखंडच्या जादूगुडा खाणीत ५५५ मीटरवर एक लहान प्रयोगशाळा आहे, आणि उटीला टाटा संस्थेचा विश्वकिरणांचा जमिनीवरचा प्रयोग उत्तम चालू आहे. तिथल्या म्यूऑन दुर्बिणीतही सहा मीटर लांबीच्या तशाच चौकोनी लोखंडी नळ्या आहेत.

मेनन २०१६ साली गेले, श्रीकंटन २०१९ साली. दोघांच्याही मृत्युलेखांत कोलारचा उल्लेख येऊन गेला. प्रयोगशाळेला स्वतःचा मृत्युलेख मिळाला नाही, कारण ती सोन्याच्या हिशेबात एक किरकोळ बाब होती. माझ्या मते तिथे खरी मौल्यवान चीज खोली होती, आणि सोनं संपलं तरी ती संपणारी नव्हती. १९६५ चा तो निबंध जेमतेम चार पानांचा आहे. फैजपूर, भुसावळ, जळगावच्या कॉलेजांत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांनी तो एकदा वर्गात वाचून घ्यावा, एवढीच विनंती.