मधली चाळीस वर्षे

गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नौदलाच्या हवाई शाखेचे संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झाले. सी हॉक, सी हॅरियर, अलिझे अशी विमाने तिथे आवारात उघड्यावर उभी आहेत. अलिझे हे फ्रेंच बनावटीचे, पाणबुड्या हुडकणारे विमान. त्याच्या शेपटीखाली एक पोलादी आकडा आहे. पंख्यापाशी उभे राहून फोटो काढणाऱ्यांची नजर सहसा तिथवर जात नाही, पण त्या विमानाचा सगळा जीव त्या आकड्यात होता. जहाजावर उतरणाऱ्या विमानाला लांबलचक धावपट्टी कुठून मिळणार? म्हणून डेकवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात आणि उतरता उतरता आकडा त्यांतल्या एखादीत अडकावा लागतो. नाही अडकला, तर वैमानिकाने इंजिनाला पुन्हा पूर्ण जोर देऊन उडायचे आणि फेरी मारून परत यायचे. अलिझेचे पंखही दुमडतात, कारण डेकखालच्या हँगरात विमाने खेटून उभी करायची असत. थोडक्यात, हे विमान एकटे पाहून कळतच नाही. ते एका जहाजाचा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा भाग २०१४ साली मुंबईत तोडायला घेतला गेला.

ते जहाज म्हणजे पहिली ‘विक्रांत’. १९४३ साली इंग्लंडमध्ये तिची बांधणी सुरू झाली, १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली, पण तोवर युद्ध संपले होते आणि अर्धवट जहाज तसेच पडून राहिले. भारताने ते विकत घेतले, बेलफास्टला पूर्ण करून घेतले आणि ४ मार्च १९६१ रोजी ते नौदलात दाखल झाले. १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात, डिसेंबरात, बंगालच्या उपसागरात याच जहाजावरून सी हॉक आणि अलिझे उडाले आणि कॉक्स बाजार, चितगाव इथल्या धावपट्ट्यांवर, बंदरांवर त्यांनी हल्ले केले. त्या वेळी ‘विक्रांत’च्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेलेला होता. त्यामुळे वेग कमी, आणि वेग कमी म्हणजे डेकवर समोरून मिळणारा वारा कमी. तो वारा नसेल तर विमान उडवणे आणि उतरवणे दोन्ही अवघड होते. बोगमाळ्याला अलिझेपुढे उभ्या असलेल्या माणसाला तडा गेलेल्या बॉयलरचा आणि त्या आकड्याचा संबंध कोणी उलगडून सांगितला, तर एका क्षणात सगळे युद्ध समजते. १९९७ साली ‘विक्रांत’ निवृत्त झाली. २००१ पासून काही वर्षे ती मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून लोकांना पाहायला मिळाली. पुढे लोखंड गंजत गेले, २०१२ साली संग्रहालय बंद झाले, लिलाव झाला, जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकालात निघाली आणि शेवटी गॅस कटर लागले. तिच्या पोलादाचा काही अंश एका मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाकीत गेला, आणि ती मोटारसायकल त्या नावावर खपलीही. या मोटारसायकलला हसण्यात अर्थ नाही. एवढ्या मोठ्या वस्तूसाठी आपल्याला सुचलेल्या मोजक्या दुसऱ्या कामांपैकी ते एक होते.

कोणतीही कामाची वस्तू निवृत्त झाली की तिच्या आयुष्यात चाळीसेक वर्षांचा एक फार वाईट काळ येतो. (चाळीस हा आकडा अंदाजाचा, एका पिढीचे माप म्हणून घेतलेला.) या काळात ती उपयोगाची राहिलेली नसते आणि पुराणवस्तूही झालेली नसते. ती नुसती जुनी असते, अडगळ असते. तिला भंगारवाला किंमत देतो, अभ्यासक देत नाही. बहुतेक वस्तू याच काळात नष्ट होतात. ज्या तग धरतात त्यांना पुढे काचेचे कपाट मिळते, सरकारी खाते मिळते, प्रबंध मिळतात. पण याच चाळीस वर्षांत आणखी एक गोष्ट खरी असते: ती वस्तू वापरलेली माणसे हयात असतात. आकडा अडकला नाही तर पोटात काय होते, हे सांगणारा वैमानिक जिवंत असतो. वस्तू पुराण होते तेव्हा तो गेलेला असतो. मोठी संग्रहालये जगून वाचलेल्या वस्तू निवडतात, आणि तेही महत्त्वाचे काम आहे. पण वस्तू आणि वापरणारा या दोघांना एकत्र गाठायचे, तर ते त्या चाळीस वर्षांतच आणि ती वस्तू जिथे राबली तिथेच होऊ शकते. गावातल्या, बंदरावरच्या, विमानतळाशेजारच्या लहान संग्रहालयांचे खरे मोल इथे आहे. ती लहान आणि स्थानिक आहेत म्हणूनच हे काम त्यांना जमते.

या मधल्या काळात काय काय निसटते, याची साक्ष मराठ्यांच्या आरमारातच मिळते. गुराब, गलबत, पाल हे जहाजांच्या प्रकारांचे शब्द आपल्याकडे आहेत, कागदपत्रे आहेत, जलदुर्ग तर ठणठणीत उभे आहेत. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत जहाजांसाठी खडकात कोरलेली गोदीही आहे. एक जहाज मात्र नाही. १७५६ साली इंग्रज आणि पेशवे यांनी मिळून मराठा आरमारप्रमुख तुळाजी आंग्र्यांवर स्वारी केली, तेव्हा त्या आरमाराचा मोठा भाग विजयदुर्गाखाली जळाला. पण जी जहाजे जळली नाहीत तीही नाहीत. ती कोणी मुद्दाम नष्ट केली नाहीत. कामातून गेली, किनाऱ्यावर ओढली गेली आणि हळूहळू त्यांच्या फळ्या दुसरीकडे लागल्या असणार. आता याच्या उलट उदाहरण पाहा. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानातून ‘ट्रिंकोमाली’ नावाची युद्धनौका बांधली आणि १८१७ साली ती पाण्यात सोडली. ती आजही तरंगते आहे, पण इंग्लंडमधल्या हार्टलपूल या गावी. साग टिकाऊ असतो हे कारण खरेच, पण तेवढे पुरत नाही. सागाची कितीतरी जहाजे मोडली. ‘ट्रिंकोमाली’ वाचली, कारण १८९७ साली ती मोडीत निघण्याच्या बेतात असताना एकाने ती घेतली आणि मुलांना शिकवण्याचे जहाज म्हणून कामाला लावली. तिने अनेक दशके ते काम केले आणि ती वाईट वर्षे अशी सरली. मग ती ऐतिहासिक ठरली, आणि ऐतिहासिक वस्तूला पैसा मिळतो. बोगमाळ्याच्या सुपर कॉन्स्टेलेशन विमानाचेही हेच. एअर इंडियाच्या ज्या ताफ्यातल्या विमानांना राण्यांची नावे होती, त्यातले हे विमान. प्रवासी वाहून झाल्यावर ते वायुदलाकडे गेले, तिथून नौदलाकडे समुद्रावर पाळत ठेवायला. तीन नोकऱ्या केल्या म्हणून ते टिकले.

पुण्यातल्या दिनकर केळकरांनी हेच घरगुती वस्तूंच्या बाबतीत ओळखले. १९२० च्या सुमारास त्यांनी जमवाजमव सुरू केली तेव्हा अडकित्ता, वज्री, समई, पितळी कुलूप या पुराणवस्तू नव्हत्या. काही घरांत त्या वापरात होत्या, काही घरांत नुकत्याच मोडीत निघाल्या होत्या आणि भंगारवाल्याच्या पाटीत पडत होत्या. ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने तो संग्रह उभा केला आणि पुढे सरकारच्या स्वाधीन केला. आज त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. तिथले अडकित्ते पाहताना त्यांच्या सौंदर्याचे कौतुक होते, ते रास्तच आहे. पण खरे कौतुक संग्राहकाच्या वेळेचे करायला हवे. तीस वर्षे उशीर झाला असता तर ते पितळ वितळून गेले असते, आणि तीस वर्षे आधी कोणी अडकित्ते जमवायला निघाले असते तर लोक त्याला वेडा म्हणाले असते. केळकरांनाही काही जण म्हणाले असतीलच.

आता आक्षेप. सगळ्यात वजनदार आक्षेप खर्चाचा आहे, आणि तो भावनेने झटकून टाकता येत नाही. खाऱ्या पाण्यातले दोनशे मीटरहून लांब पोलादी जहाज रोज गंजते. ‘विक्रांत’ ठेवायची तर दरवर्षी तिच्यावर पैसा ओतावा लागला असता, आणि त्या पैशात शाळा, दवाखाने बांधावेत असे म्हणणाऱ्याला गप्प करणे अवघड आहे. ‘विराट’ या दुसऱ्या विमानवाहू जहाजाचे उदाहरण त्याहून बोलके. २०१८ साली महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात संग्रहालय म्हणून ठेवायचे ठरवले. अंदाजित खर्च ८५२ कोटी. त्यातले काही झाले नाही आणि २०२० साली ती अलंगला तोडायला गेली. यावरून जहाजे जपणे आपल्याला परवडत नाही असा निष्कर्ष काढता येईल. पण विशाखापट्टणमला ‘कुरसुरा’ पाणबुडी २००१ साली निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी ती वाळूवर ओढून लोकांसाठी खुली करण्यात आली. ती किनाऱ्यावरच्या रस्त्यालगत आहे, तिकीट काढून लोक आत जातात, आणि ती उभी आहे. फरक दोनच गोष्टींचा: पाणबुडी लहान होती आणि ती पाण्याबाहेर काढली. म्हणजे प्रश्न जपावे की नाही हा नसून केवढे जपावे हा आहे. आठशे कोटींचे तरंगते स्वप्न पाहण्यापेक्षा ‘विक्रांत’च्या डेकचा पन्नास मीटरचा तुकडा, तारांसकट, बोगमाळ्याच्या अलिझेखाली आणून ठेवला असता तर तो आकडा कायमचा बोलका झाला असता. संपूर्ण जहाजाच्या हट्टापायी आपण तोही घालवला.

दुसरा आक्षेप ही संग्रहालये दरिद्री दिसतात असा. पाट्यांवरची अक्षरे उडालेली, रंग उन्हाने पोळलेला, पावसाळ्यात कोपऱ्यात बादली. खरे आहे, आणि त्याचे समर्थन करू नये. पण उपाय म्हणून जो चकचकीतपणा सुचवला जातो, मोठा पडदा, आवाज, चष्मा घालून बघायचे आभासी जग, त्यात एक गफलत आहे. जे माहीत आहे तेच पडद्यावर दाखवता येते. वस्तूत आपल्याला अजून माहीत नसलेलेही असते: कुठल्या बाजूची कड जास्त झिजली आहे, कोणत्या खिळ्याजागी नंतर दुसरा बसवला आहे. वाटल्यास बादली ठेवा, पण वस्तू ठेवा, आणि पाटी लिहिण्याआधी ती वापरलेल्या माणसाला बोलवा. युद्धाच्या यंत्रांचे कौतुक कशाला, असेही काही विचारतील. मला वाटते, आकडा नीट समजलेला माणूस कौतुकापेक्षा जरा भीतीच घेऊन बाहेर पडतो. सगळेच कसे ठेवणार, हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. सगळे ठेवायचे नसतेच, दर प्रकारातले एक ठेवायचे.

ते एकही ठेवले नाही तर काय होते, हे मुंबईत दिसते. या शहरात १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ पासून ती विजेवर धावली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. नव्वद वर्षांची ही वाहतूक. अलीकडे तिची आठवण म्हणून बोरीबंदरच्या स्थानकासमोर ट्रामचा डबा ठेवायचे ठरले, तेव्हा तो कोलकात्याहून आणावा लागला. १९६४ मध्ये ट्राम अडगळ होती, ती पुराणवस्तू व्हायला वेळ होता. सप्टेंबर २०२३ मध्ये बेस्टची डिझेलवरची दुमजली बस बंद झाली. आणिकच्या आगारात बेस्टचे स्वतःचे लहानसे संग्रहालय आहे, तेव्हा बस मिळणे कठीण नाही. पण त्या बसमध्ये छतालगत घंटेची दोरी होती. वरच्या मजल्यावर अडकलेला कंडक्टर खालच्या पायरीवरची गर्दी न दिसता कुठल्या अंदाजाने एक टोला द्यायचा आणि कुठल्या अंदाजाने दोन, हे बसवर कुठेच लिहिलेले नाही. त्या दोरीवर हात ठेवलेले शेकडो कंडक्टर आत्ता निवृत्त होऊन लालबागेत, डोंबिवलीत, साताऱ्याच्या गावांत बसले आहेत.