फायबरचं ठिगळ

मंडळी, फायबरच्या पत्र्याला भोक पाडायला पाच मिनिटं पुरतात. ते नीट बुजवायला आम्हाला दिवाळीचे चार दिवस लागले. मराठी शिकवण्यात उभी हयात गेलेल्या माणसाने रेझिन आणि हार्डनरवर लिहावं हे जरा चमत्कारिक वाटेल. पण नात्यातले चार-पाच जण फोनवर "गाडीचं काय झालं?" असं विचारून गेले, तेव्हा म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

गाडी माझ्या धाकट्या भावाची. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर त्याने एक जुना टेम्पो घेतला. चासीवर चौकोनी नळ्यांचा सांगाडा उभा केला आणि बाहेरून फायबरचे पत्रे लावले. आत झोपायला दोन फळ्या, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात छोटीशी मोरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत फेरबदल करायचा तर आरटीओची मंजुरी लागते. ती त्याने लातूरला जाऊन रीतसर घेतली होती. सगळा खटाटोप भावजयीसाठी. तिला वारीची फार हौस, पण गुडघ्यांमुळे बसचा प्रवास आणि धर्मशाळेचे जिने जमेनासे झाले होते.

अशा गाडीला परदेशात कॅम्पर म्हणतात. आपल्याकडे शब्द नवा, वस्तू मात्र जुनीच. आमच्या लहानपणी माळेगावच्या खंडोबाला लोक बैलगाडीने जात, गाडीजवळच तीन दगडांची चूल मांडत आणि गाडीखाली निजत. आजही आषाढीला दिंड्यांबरोबर जाणारे ट्रक पाहा. तंबू, शिधा, भांडी, पाणी, सगळा संसार त्यातच असतो. भावाने त्यालाच भिंती आणि छप्पर दिलं, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी भाऊ गेला आणि गाडी लिंबाखाली उभी राहिली. कूलर काढून कोणाला तरी दिला, शेगडीचं धुराडं गेलं, मागची शिडी निखळली. राहिली ती भोकं. मागच्या बाजूला कूलरची दीड फुटाची चौकोनी खिडकी, छतावर धुराड्याचं वीतभर गोल भोक आणि शिडीच्या बोल्टांची आठ. एका गॅरेजवाल्याने त्यांवर टिनाचे तुकडे ठोकून कडेने सिलिकॉन भरून दिलं होतं. पहिल्याच पावसाळ्यात आतल्या गाद्या भिजून कुजल्या.

पुतण्या पुण्याला नोकरीला आहे. वडिलांनी निवृत्तीचे पैसे या गाडीत घातले यावरून दोघांचं बिनसलं होतं, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. गाडी आतून कशी आहे हे त्याने कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. भंगारवाला येऊन भाव करून गेला होता. भावजय त्यावर काही बोलली नाही. मला मात्र एवढंच म्हणाली, "भावजी, कार्तिकीला एकदा जाऊन आले असते. मग विक म्हणावं त्याला."

दिवाळीला पुतण्या आला तेव्हा मी विषय काढला. तो म्हणाला, "तात्या, भोकं बुजवून असा काय भाव वाढणार आहे?" मी म्हटलं, "भावाचं राहू दे, गळायचं तर थांबेल." तो हसला नाही, पण दुसऱ्या दिवशी जुना शर्ट घालून आला.

लातूरहून एका मिस्त्रीला बोलावलं. गाड्यांचे बंपर, टाक्या दुरुस्त करण्यात त्याचा हात बसलेला. त्याने पहिली गोष्ट सांगितली ती ही की सिलिकॉनचा कणसुद्धा राहता कामा नये. त्यावर रेझिन धरतच नाही. पहिला दिवस त्या खरवडण्यातच गेला.

फायबर म्हणजे काचेचे बारीक तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. आपल्या जुन्या घरांच्या गिलाव्यात माती आणि भुसा कालवत, त्याच जातीची ही युक्ती. माती आकार देते, भुसा तडकू देत नाही. अमेरिकेत 1930 च्या दशकात काचतंतू कारखान्यांतून निघू लागले आणि 1953 साली कॉर्व्हेट ही फायबरच्या अंगाची मोटार आली. आपल्याकडे बेंगळुरूची सिपानी डॉल्फिन 1980 च्या दशकात निघाली, तीही फायबरचीच. कोकणच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या शेजारी आता फायबरच्या होड्या दिसतात.

मला नवल वाटलं ते पुढच्या कामाचं. भोक बुजवायचं म्हणजे त्यात काहीतरी भरायचं अशी माझी समजूत. मिस्त्रीने ग्राइंडर घेतलं आणि भोकाभोवतीचा चांगला, धडधाकट पत्राच घासायला सुरुवात केली. पुतण्या ओरडला, "अहो, भोक मोठं करताय की लहान?" मिस्त्री म्हणाला, "साहेब, ठिगळ भोकाला धरत नसतं, भोवतीच्या चांगल्या पत्र्याला धरतं. त्याला जागा नको का द्यायला?" हिशोबही त्याने सांगितला. पत्र्याची जाडी जितकी, तिच्या बारा पट रुंद उतार हवा. आमचा पत्रा तीन मिलिमीटरचा, म्हणजे चहूबाजूंनी छत्तीस मिलिमीटर. कडेकडे तो कागदासारखा पातळ होत जातो आणि नवा थर जुन्यात मिसळतो.

कूलरच्या खिडकीच्या दोन कोपऱ्यांतून तिरपे तडे गेले होते. मिस्त्री म्हणाला, चौकोनी भोकाचा कोपरा नेहमी फाटतोच. ताण तिथेच येऊन साचतो. मला वाचलेलं आठवलं. 1954 साली ब्रिटनची दोन कॉमेट विमानं हवेतच फुटली होती. समुद्रातून काढलेल्या अवशेषांत छतावरच्या चौकोनी झरोक्याच्या कोपऱ्याजवळून तडा सुरू झाल्याचं तपासात आढळलं. एवढी मोठी विद्या आणि आमच्या अंगणातला टेम्पो, दोघांना नियम एकच! तडे संपतात तिथपर्यंत घासून मिस्त्रीने कोपरे गोल करून टाकले.

ठिगळ बाहेरून लावायचं ठरलं. त्यासाठी आतल्या बाजूने सनमायकाचा तुकडा प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून टेकवायचा होता. ते धरायला पुतण्या गाडीत शिरला. बराच वेळ झाला तरी काही आवाज नाही, म्हणून मी डोकावलो. कूलरची चौकट निघाल्यामुळे तिच्यामागचा पत्रा उघडा पडला होता आणि त्यावर भावाने पेन्सिलीने आकडे मांडले होते. फळीची लांबी, टाकीची उंची. त्याखाली लिहिलं होतं, "हिची उंची 5 फूट 1 इंच. पायरी 7 इंचाच्या वर नको." पुतण्याने ते मला वाचून दाखवलं नाही. फक्त अंग चोरून बाजूला झाला, मला दिसावं म्हणून. नंतर मिस्त्रीला विचारलं, "आतून हे झाकलं जाणार का?" मिस्त्री म्हणाला, "आतून कशाला? तुम्ही तुकडा धरा की नुसता."

दुसऱ्या दिवशी सकाळीच रेझिन कालवलं. शंभर ग्रॅमला एक-दीड ग्रॅम हार्डनर, उन्हाळा असता तर आणखी कमी. रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच मिसळलेलं असतं. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही घालायचे नाहीत, भडका उडतो. मंडळी, घरी कोणी करणार असाल तर एवढं नक्की लक्षात ठेवा. काचेची धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडावर मास्क, डोळ्यांना चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. मग 450 ग्रॅमी मॅटचे तीन तुकडे, प्रत्येक पुढचा थोडा मोठा. ब्रशने रेझिन मुरवायचं आणि रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. एक थर साधारण एक मिलिमीटरचा, म्हणजे तीन थरांत जुन्या पत्र्याची जाडी भरून निघते. डब्यात उरलेलं रेझिन वीस-पंचवीस मिनिटांत दह्यासारखं घट्ट झालं आणि डबा हाताला चटका बसेल इतका तापला. बोल्टांच्या भोकांना दोन्ही बाजूंनी खळगे करून कातरलेले तंतू मिसळलेलं रेझिन भरलं. नुसती पुटी भरली तर गाडीच्या हादऱ्याने ती गळून पडते, असं मिस्त्रीचं म्हणणं.

तिसरा दिवस घासण्याचा, चौथा रंगाचा. संध्याकाळी पुतण्याने पाइप लावून अर्धा तास छतावर पाणी सोडलं आणि स्वतः आत टॉर्च घेऊन बसला. बाहेर आला तो कोरडा.

कार्तिकीला गाडी बार्शी, कुर्डुवाडीवरून पंढरपूरला गेली. चालवली पुतण्यानेच. चंद्रभागेपलीकडे 65 एकरात दिंड्यांच्या तंबूंशेजारी दोन रात्री मुक्काम झाला. भावजय त्या सात इंचाच्या पायरीवरून कोणाचा हात न धरता चढ-उतार करत होती. पुतण्या ते पाहत होता, मी त्याला पाहत होतो. वडिलांशी बोलायचं राहिलेलं होतं ते काही आता बोलता येणार नव्हतं. ते भोक तसंच राहणार. पण त्याच्या भोवतीचं बरंच काही अजून धडधाकट होतं, हे त्याला दिसलं असावं. परतल्यावर भंगारवाल्याचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "सध्या नाही."

ठिगळाचा रंग जुन्या रंगाशी काही जमलेला नाही, लांबूनही वेगळा दिसतो. असो. पुढच्या पावसाळ्यात गळतं का, ते कळवीनच.