पट्टा नसलेली गाडी

चाळिशी उलटलेल्या गृहस्थाने कोणते छंद जोपासावेत, याविषयी आपल्या माळव्यातील मराठी समाजात फारसे मतभेद नाहीत. सकाळी क्षिप्रेकाठी फेरफटका मारावा, गणेशोत्सवाच्या नाटकात एखाद्या सासऱ्याची भूमिका करावी, फार तर पेटी शिकावी. एवढे झाले की माणूस मार्गी लागला असे समजतात. अशा वातावरणात, देवास गेटला तीन पिढ्या राहणाऱ्या, कचेरीत इतरांचे हिशेब तपासणाऱ्या आणि ८६ किलो वजनाच्या एका इसमाने चव्वेचाळिसाव्या वर्षी शर्यतीची गो-कार्ट शिकण्याचे मनावर घेतले, तेव्हा त्याला काय काय ऐकावे लागले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. थोरल्या मेहुण्यांनी तर गंभीरपणे विचारले, “जत्रेत विजेवर चालतात त्याच ना त्या गाड्या?”

त्या नव्हेत. परंतु मेहुण्यांना दोष देण्यातही अर्थ नाही, कारण या गाडीचे रूप खरोखरच खेळण्यासारखे आहे. पोलादी नळ्यांची एक चौकट, चार लहान चाके, एक आसन आणि बाजूला बसविलेले इंजिन. दार नाही, छप्पर नाही, स्प्रिंगा नाहीत. १९५६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील आर्ट इंगल्स नावाच्या कारागिराने पहिली गो-कार्ट बांधली, ती गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन घेऊन. पुढे आठच वर्षांत, १९६४ साली, रोमला या गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ब्राझीलचा आयर्टन सेना याच गाड्यांवर घडला; १९७९ आणि १९८० असा दोनदा तो या जागतिक स्पर्धेत दुसरा आला, पहिला मात्र कधीच आला नाही, आणि नंतर फॉर्म्युला वनमध्ये तीनदा जगज्जेता झाला. ही हकीकत मी मेहुण्यांना सांगितली. ते म्हणाले, “म्हणजे तो लहानपणी शिकला.”

मुद्दा बिनतोड होता. या खेळात आठ-नऊ वर्षांची मुले उतरतात आणि पंधरा-सोळाव्या वर्षी ती मोठ्यांच्या गटात येतात. प्रौढ नवशिक्यापुढील खरा प्रश्न हा की, त्याने उभे राहावे कोणत्या गटात आणि कोणत्या गाडीवर? लोक आधी गाडी घेतात आणि मग तिला साजेसा गट शोधतात. हे म्हणजे आधी हत्ती घेऊन मग माहूत शोधण्यापैकी होय. आपल्याला जाता-येता येईल अशा मैदानावर कोणत्या गटाच्या शर्यती नेमाने भरतात आणि त्यात दरवेळी किती जण उभे राहतात, एवढे आधी पाहावे. ज्या गटात दोघेच धावतात तिथे तिसरा येऊन तिसरे पारितोषिक मिळवील, पण शिकणार काही नाही.

गटांची रचना ज्यांनी आखाडा पाहिला आहे त्यांना चटकन समजेल. कुस्तीत जसे वजनी गट, तसे इथेही वजन मोजतात. मात्र मल्लाचे एकट्याचे नव्हे, तर मल्ल आणि गाडी मिळून. आणि कुस्तीत वजनाची वरची मर्यादा असते, इथे खालची असते. ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचे १२५ सीसीचे, पाण्याने थंड होणारे इंजिन जगभर चालते आणि आपल्याकडच्या राष्ट्रीय स्पर्धाही बव्हंशी त्याच्यावरच झाल्या. त्यातील सीनियर गटाची किमान मर्यादा साधारण १६० किलोच्या आसपास असते. गाडी पाऊणशे ते ऐंशी किलोची, मी ८६ किलोचा, शिवाय शिरस्त्राण, पोशाख आणि बूट. बेरीज करायला हिशेबनीस असण्याची गरज नाही. सोळा वर्षांचा सडपातळ मुलगा त्या मर्यादेत बसावा म्हणून त्याच्या आसनाला शिशाचे तुकडे बोल्टने आवळतात. माझ्या बाबतीत साजूक तूप सोडणे एवढाच उपाय उरतो. आणि हे आठ-दहा किलो क्षुल्लक नसतात. प्रत्येक वळणातून बाहेर पडताना ते गाडीला मागे ओढतात. युरोप-अमेरिकेत तिशी ओलांडलेल्यांसाठी ‘मास्टर्स’ नावाचा वेगळा, जास्त वजनाचा गट भरतो, तो याचसाठी.

वजन मागे का ओढते हे समजायचे असेल तर गाडीच्या पोटात डोकवावे लागते. मोटारीची मागची दोन चाके वळणावर वेगवेगळ्या वेगाने फिरू शकतात. तशी यंत्रणाच तिच्यात असते. गो-कार्टला ती नाही. मागचा आस एकच, सलग. दोन्ही चाके बरोबरच फिरणार. म्हणजे वळायचे असेल तर आतले मागचे चाक क्षणभर जमिनीवरून उचलले गेले पाहिजे. ते उचलण्याचे काम स्टिअरिंगची ठेवण, चौकटीच्या नळ्यांची लवचीकता आणि चालकाचे शरीर मिळून करतात. म्हणून आसन दोन बोटे इकडे-तिकडे सरकले तरी गाडीचा स्वभाव बदलतो. चालक हा तिथे प्रवासी नसतोच. तो गाडीचा एक भाग असतो. मला या खेळाची गोडी लागली ती वेगाने नव्हे, या एका गोष्टीने.

इंजिनांचे दोन पंथ आहेत. लूना, लॅम्ब्रेटा, येझदी ज्यांनी वापरली त्यांना टू-स्ट्रोक म्हणजे काय हे सांगणे नको. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचे, निळसर धूर आणि तो टणटणीत आवाज. शर्यतीचे टू-स्ट्रोक याच घराण्यातले, पण मिनिटाला तेरा-चौदा हजार फेरे घेणारे आणि ३० अश्वशक्तीच्या घरातले. त्याला ठरावीक तासांनी पिस्टन आणि रिंगा हव्यात, आणि गुळगुळीत टायर तर शर्यतीगणिक झिजतात. दुसरा पंथ फोर-स्ट्रोकचा. हवेने थंड होणारे, साडेसहा ते नऊ अश्वशक्तीचे इंजिन. भाड्याच्या बहुतेक गाड्यांना हेच असते. अमेरिकेतल्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीने तर कारखान्यातच मोहोरबंद केलेले इंजिन काढले आणि त्याचा स्वतंत्र गट चालू झाला. मोहोर तुटली की बाद. श्रीमंताने खर्च करून वेग विकत घेऊ नये, ही त्यामागची भावना मला फार सज्जनपणाची वाटते.

आता गाडी कुठे शोधायची? उज्जैनात ती मिळत नाही. पीथमपूरला २००७ पासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची ‘बाहा’ स्पर्धा भरत आली आहे, आणि त्याच परिसरात २०२१ साली ११.३ किलोमीटरचा चाचणीमार्ग सुरू झाला. पण विद्यार्थ्यांच्या त्या खडबडीत रानातल्या गाड्या वेगळ्या आणि तो मार्ग कारखानदारांचा. मराठी मुलखात या खेळाचे नाव निघाले की कोल्हापूर आठवते. तिथल्या मोहिते मंडळींनी ट्रॅक उभारला, राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या तिथे झाल्या. कुस्तीच्या गावाने हा खेळही वजनकाट्यावर तोलावा याचे मला मुळीच नवल वाटत नाही. आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेमागे दक्षिणेतून वर आले. मी इंदूर-पुणे गाडीने खाली गेलो, एवढाच फरक. कोल्हापूरला मामांकडे चार दिवस राहिलो, गाड्या पाहिल्या, जाणत्यांना विचारले. जुनी चौकट घेताना रंगाला भुलू नये, उलटी करून तळाच्या नळ्या पाहाव्यात, त्या रस्त्याला घासून चपट्या झाल्या असतील तर पुढे जाऊ नये. जोडाच्या जागी केसाएवढी भेग असली तरी नको. मागचा आस हाताने फिरवून तो डुलतो का हे पाहावे. ही सर्व माहिती एका वहीत उतरवून मी परतलो.

आणि ती वही आईच्या हाती लागली.

माझा थोरला भाऊ १९९९ साली गेला. चोवीस वर्षांचा होता. माधव महाविद्यालयातून पदवी घेऊन देवासच्या एका कारखान्यात लागला होता आणि रोज येझदीने जाऊन येत असे. रात्रपाळीहून परतताना रस्त्यात उभ्या असलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर त्याची गाडी आदळली. त्यानंतर आमच्या घरात दुचाकी आली नाही. मी स्टेशनपासून कचेरीपर्यंत आजही पायी जातो. तेव्हा आईने वही मिटून माझ्याकडे पाहिले, त्यात राग नव्हता. तिने एवढेच विचारले, “या चित्रात पट्टा कुठे दिसत नाही तो?”

गो-कार्टला पट्टा नसतो. मोटारीत पट्टा बांधतात कारण भोवती लोखंडी पिंजरा असतो. इथे पिंजरा नाही. गाडी उलटलीच तर चालक तिच्याखाली बांधलेला राहू नये, सुटून बाजूला पडावा, हे जास्त सुरक्षित. शिवाय आसन जमिनीपासून दोन-तीन बोटेच वर असल्यामुळे ती सहसा उलटत नाही. बरगड्यांना मार बसतो, त्यासाठी वेगळे कवच घालतात. हे सारे मी शांतपणे, जाणत्यांच्या शब्दांत सांगितले. आई ऐकत होती. मग म्हणाली, “दादाच्या गाडीलाही पट्टा नव्हता रे.”

यावर काय बोलणार? ती वही मी दोन महिने कपाटात ठेवली. आईला विरोध करून करावा एवढा मोठा हा छंद नव्हे, असे मी मनाशी ठरवूनही टाकले होते. मार्ग काढला तो आमच्या मंडळींनी. त्या म्हणाल्या, “अहो, न पाहिलेल्या गोष्टीची भीती जास्त. एकदा दाखवा तरी त्यांना.” म्हणून एका रविवारी आम्ही तिघे बसने इंदूरला गेलो. तिथे भाड्याने गाड्या फिरवायचे मैदान होते आणि त्या दिवशी हौशी लोकांची एक लहानशी शर्यत होती. मी त्यात नव्हतो. आईशेजारी कठड्यापाशी बसलो होतो.

आईने गाड्यांकडे फारसे पाहिलेच नाही. ती वळणावर निशाणे घेऊन उभ्या असलेल्या पोरांकडे पाहत होती. एक गाडी गर्रकन फिरून मार्गातच आडवी थांबली. तत्क्षणी त्या वळणावरच्या मुलाने पिवळे निशाण हलवायला सुरुवात केली आणि मागून येणाऱ्या सर्व गाड्या मंदावल्या, कुणी कुणाला ओलांडले नाही. आईने माझा हात धरला.

“ते पिवळे म्हणजे काय?”

“पुढे कोणीतरी थांबले आहे, सावकाश या, ओलांडू नका.”

“दर वळणावर असतो का असा माणूस?”

“चांगल्या ठिकाणी असतो.”

मग तिने बाकीची निशाणे विचारून घेतली. निळे म्हणजे मागून तुझ्याहून वेगवान येतो आहे, वाट दे. लाल म्हणजे सर्वांनी थांबा. काळे म्हणजे तू बाहेर ये. चौकड्यांचे म्हणजे संपले. बसमध्ये तिने ती पुन्हा एकदा क्रमाने म्हणून दाखवली, आपण आरतीचे कडवे विसरलो नाही ना हे पाहावे तशी.

त्या दिवसापासून निवडीचा प्रश्न माझ्यापुरता उलटा झाला. कोणते इंजिन, कोणती चौकट, हे मागे पडले. जिथे वळणावळणावर निशाणवाला उभा असतो तिथेच धावायचे, हे पहिले झाले. अशी शिस्त बहुधा तिथेच मिळते, जिथे एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाच्या नियमांखाली शर्यत होते. आणि तिथे माझ्यासारख्याने टू-स्ट्रोकच्या सीनियर गटात सोळा वर्षांच्या पोरांपुढे अडथळा होऊन निळे निशाण पाहत बसण्यापेक्षा, फोर-स्ट्रोकच्या गटात सारख्या गाड्यांवर, सारख्या वजनाच्या माणसांत उभे राहणे शहाणपणाचे. गाडी यंदा घेतलेली नाही. शिरस्त्राण, बरगड्यांचे कवच आणि हातमोजे मात्र स्वतःचे, नवे घेतले; दुसऱ्याच्या डोक्याचे शिरस्त्राण घेऊ नये, कारण आतून ते कधी आपटले आहे हे बाहेरून दिसत नाही. एक वर्ष भाड्याच्या गाडीवर काढीन, वजन ८० वर आणीन, मग चौकटीचे पाहू. मेहुणे म्हणतात ८० काही होत नाही. ते स्वतः ९५ आहेत.

परवान्याचा अर्ज परवा रात्री भरायला घेतला. वैद्यकीय दाखला, रक्तगट, आणि अपघात घडल्यास कोणास कळवावे, असा एक रकाना होता. तिथे मी मंडळींचे नाव लिहू लागलो. खाली देवास गेटवर शेवटच्या बसचा कंडक्टर इंदूर-इंदूर ओरडत होता. आई खिडकीपाशी वाती वळत बसली होती. १९९९ च्या त्या रात्री कोणाला कळवायचे हे कुणालाच ठाऊक नव्हते आणि बातमी घरी पोहोचायला सकाळ झाली होती, हे तिला आणि मला दोघांनाही आठवत असणार.

“माझे नाव लिही,” ती म्हणाली. “ती नोकरीला जाते. घरी मी असते.”